एका लहान शब्दाचा पसारा

इंग्रजी शिकू लागलेल्या मुलाला ‘रन’ हा शब्द अगदी आरंभी भेटतो. ‘रन म्हणजे धावणे’ असे तो पाठ करतो आणि या शब्दाकडे पुन्हा पाहण्याचे कारण नाही, अशा समजुतीने पुढे जातो. वरच्या वर्गात ‘हे गृहस्थ एक शाळा रन करतात’ अशा अर्थाचे इंग्रजी वाक्य भाषांतरासाठी येते आणि तो बेधडक लिहितो, ‘हे गृहस्थ एक शाळा पळवतात.’ शाळा चालवणारा सज्जन क्षणात चोर ठरतो! मुलाची स्मरणशक्ती येथे चुकलेली नाही. शब्दाला एकच अर्थ असतो, हा त्याचा समज चुकला आहे.

ऑक्सफर्डचा थोरला इंग्रजी कोश १८८४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध होऊन १९२८ साली पुरा झाला. त्यात सर्वांत लांब नोंद ‘सेट’ या शब्दाची होती. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीतही तो मान त्याच शब्दाकडे राहिला. त्याचे सुमारे ४३० अर्थ तेथे दिले आहेत. पुढे तिसऱ्या आवृत्तीसाठी पीटर गिलिव्हर या कोशकाराने ‘रन’ची नोंद नव्याने तपासली. एवढ्याशा शब्दाने त्याचे नऊ महिने घेतले! केवळ क्रियापद म्हणून त्याचे ६४५ अर्थ भरल्याचे २०११ साली जाहीर झाले.

हे अर्थ कोणी ठरवून दिलेले नाहीत. ते एकातून एक फुटत गेले. धावणे मूळचे पायांचे. पाण्याचा वेग पाहून तोच शब्द नदीला लागला. मग वाहणाऱ्या नाकाला आणि धुण्यात उतरणाऱ्या रंगालाही. रस्ता तर जागचा हलत नाही, तरी इंग्रजीत तोही ‘रन’ होतो. गिरण्या व आगगाड्या आल्या, तेव्हा या शब्दाला खरा बहर आला. यंत्राकडून तो कारखान्याकडे, दुकानाकडे व राज्यकारभाराकडे वळला. संगणकाच्या कामालाही तोच पुरला. मौज अशी की, निवडणुकीत इंग्लंडचा उमेदवार ‘उभा राहतो’, तर अमेरिकेचा ‘धावतो’.

क्रिकेटच्या मैदानावर प्रत्यक्ष धावून ‘रन’ काढतात. परंतु चेंडू सीमेपार गेला, तर फलंदाजाला जागच्या जागी चार मिळतात. मराठीनेही त्यांना निमूटपणे ‘धावा’च म्हटले आहे.

एरवी मात्र मराठीची चाल निराळी. इंग्रजांचे घड्याळ धावते, आपले चालते. यंत्र चालते, दुकान चालते, संसार चालतो. खोटे नाणे चालत नाही. ‘चहा चालेल का?’ या प्रश्नाला ‘चालेल’ असे उत्तर ऐकून मराठी शिकणारा एखादा इंग्रज कपाचे पाय शोधू लागला, तर शाळा पळवणाऱ्या आपल्या विद्यार्थ्याने तरी त्याला हसू नये.