न्हाव्याची यादी

इंदापूर

चि. सोनूस,

तू काढलेलं गावाचं सरासरी आयुर्मान 81 वर्षं निघाल्याचं वाचलं. सरकारच्या नमुना नोंदणी पाहणीत राज्याचं 2015-19चं 72.7 आहे. बाळा, एवढ्यात हा आकडा कुणाला दाखवू नकोस.

3000 वस्तीत सालाला 18 मयती धर. पुढल्या साली 11 झाल्या किंवा 25, तरी गाव सुधारलं वा बिघडलं असं होत नाही. लहान आकड्याला एवढा हेलकावा असतोच. पाच सालं एकत्र घे. 90 मयती होतील आणि हेलकावा निम्म्यावरून पाचव्या हिश्श्यावर येईल. माणसं गुणिले वर्षं 5000च्या आत भरत असतील, तर आयुर्मान काढूच नये.

पण खरी गफलत रजिस्टरात असते. ग्रामसेवक म्हणून मी ते वर्षानुवर्षं लिहिलंय. 1969च्या कायद्याने मृत्यू जिथे झाला तिथे नोंद. आपला म्हातारा पुण्याच्या दवाखान्यात गेला, तर दहावा गावात होतो, नोंद पुण्यात. वस्तीत तो मोजलेला, मयतीत नाही. तुझे 81 तिथूनच आले असावेत.

साखर कारखान्याच्या हंगामात बीडकडचे कोयते, म्हणजे ऊसतोड जोड्या, येतात. एकदा त्यांच्या कोपीत तान्हं लेकरू दगावल्याचं मला टोळी परतल्यावर कळलं. ते लेकरू कुठल्याच कागदावर आलं नाही. अजून टोचतं ते.

इंदापूरला चुकीच्या हिशोबाची झळ जुनी आहे. इंग्रजांच्या काळातली प्रिंगलसाहेबाची साराआकारणी कागदावर बिनचूक होती, पण खालून आलेली माहितीच खोटी. जमिनी पडीक पडल्या. मग गोल्डस्मिड-विंगेट यांनी इथूनच नवी पाहणी सुरू केली, 1836च्या सुमारास.

मयताचं वय घरच्यांना विचारशील तर साठ, पासष्ट, सत्तर अशीच उत्तरं येतील. त्यापेक्षा विचार, पानशेत फुटलं तेव्हा आजोबा शाळेत होते का? बहात्तरच्या दुष्काळात त्यांना पोरं किती होती?

रविवारी ये. दहाव्याला डोकी करणाऱ्या न्हाव्याला गावातल्या मयती तोंडपाठ असतात, पुण्यात गेलेल्यासुद्धा. त्याच्याकडून पाच वर्षांची यादी करू आणि रजिस्टराशेजारी ठेवून एकेक नाव ताडून बघू.

तुझा,
काका