अंकीय पाठ्यसामग्री आणि तिची सूची

ग्रंथालयातील पुस्तक हाती घेतले की त्याचे नाव, लेखक व अनुक्रमणिका तत्काळ दिसतात. संगणकात साठविलेल्या व्याख्यानाचे किंवा प्रश्नसंचाचे तसे नसते. त्याच्यासोबत जेवढी माहिती लिहिलेली असेल, तिच्याच आधारे ते बहुधा शोधले जाते. वस्तूविषयीच्या या सुव्यवस्थित माहितीस ‘मेटाडेटा’ म्हणतात. जुन्या सूचीकार्डाचेच हे नवे रूप होय.

ही माहिती प्रत्येकाने स्वतःच्या मर्जीप्रमाणे लिहिली, तर काय होईल? समजा, विद्यार्थ्याने ‘मूळ’ हा शब्द शोधला. वनस्पतीच्या मुळाचा पाठ आणि समीकरणाच्या मुळाचा पाठ त्याच्यापुढे एकत्र येतील. तसेच, एका नोंदीत ‘चं. वें. रामन’ व दुसरीत ‘रामन, चंद्रशेखर वेंकट’ असे असेल, तर संगणक एकाच शास्त्रज्ञास दोन व्यक्ती समजेल. म्हणून विषयांसाठी ठरावीक शब्द आणि नावांसाठी एकच प्रमाण रूप योजावे लागते.

मार्च १९९५ मध्ये अमेरिकेच्या ओहायो राज्यातील डब्लिन येथे ग्रंथपाल व संगणकतज्ज्ञ एकत्र जमले. त्यांच्या विचारविनिमयातून ‘डब्लिन कोअर’ हा आराखडा उदयास आला. शीर्षक, कर्ता, विषय, दिनांक, भाषा, हक्क इत्यादी पंधरा घटक त्यात पुढे निश्चित झाले. परंतु पाठ किती कठीण आहे व त्यास किती वेळ लागतो, हे सांगणारा घटक त्या पंधरांत नाही. आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेने २००२ साली संमत केलेल्या अध्ययनवस्तूंच्या मानकात ही सोय झाली. त्यात नऊ विभाग असून, शैक्षणिक विभागात काठिण्याच्या पाच पायऱ्या, अध्ययनास लागणारा काळ आणि अपेक्षित वापरकर्ता यांची नोंद करता येते.

भारतात खरगपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेने विकसित केलेले राष्ट्रीय अंकीय ग्रंथालय २०१८ साली राष्ट्रास अर्पण झाले. निरनिराळ्या संस्थांच्या संग्रहांतील नोंदी तेथे एकत्र शोधता येतात.

अशा व्यवस्थेचे यश मूळ नोंदीच्या अचूकपणावर अवलंबून असते. फाईलचा आकार व दिनांक यंत्र आपोआप नोंदवू शकते. पण पाठ प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यास झेपेल की नाही, याचा निर्णय शिक्षकानेच द्यावयाचा असतो. वरील मानकात कोणतीही नोंद सक्तीची नाही, त्यामुळे नेमका हाच रकाना रिकामा राहण्याचा संभव असतो. तो भरलेला नसेल, तर उत्तम पाठ संग्रहात असूनही योग्य विद्यार्थ्याच्या हाती लागत नाही. यास्तव पाठ तयार करणाऱ्या शिक्षकाने ग्रंथपालाच्या साहाय्याने त्याची नोंदही त्याच वेळी पूर्ण करणे इष्ट होय.