लगतच्या संख्यांच्या जोड्या

काशीच्या भोसले घाटावरून पाहिले असता गंगा उत्तरेकडे वाहताना दिसते. नागपूरकर भोसल्यांनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात बांधविलेल्या या घाटाच्या पायऱ्या पावसाळ्यात एकेक करून पाण्याखाली जातात. वाराणसी येथे गंगेची इशारा-पातळी ७०.२६२ मीटर व धोक्याची पातळी ७१.२६२ मीटर मानली जाते. १९७८ साली पाणी ७३.९०१ मीटरपर्यंत चढले होते. अशा वेळी पाणी किती आहे, एवढेच कळून भागत नाही. ते चढत आहे की उतरत आहे, हे नावाड्यास व तीरावरील रहिवाशास कळले पाहिजे. एकटी संख्या याचे उत्तर देऊ शकत नाही. त्यासाठी लगतच्या दोन संख्या लागतात.

समजा, दर तासाला घेतलेल्या पाच नोंदी अशा आहेत: ७०.१०, ७०.२२, ७०.३८, ७०.३८, ७०.३१. संगणकाकडून यांतील फरक काढवावयाचे आहेत. एक रीत अशी की, नोंदींना क्रमांक द्यावेत आणि प्रत्येक नोंद तिच्या पुढच्या क्रमांकाच्या नोंदीशी ताडून पाहावी. परंतु पाचव्या नोंदीस पुढची नोंदच नाही! तेथे थांबण्यास विसरले की आज्ञावली अडते अथवा चुकीचे उत्तर देते.

फंक्शनल प्रोग्रॅमिंग या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीत क्रमांकांचा आधार घेतला जात नाही. जॉन मॅकार्थी यांनी १९५८ साली रचावयास घेतलेल्या लिस्प भाषेपासून यादीकडे पाहण्याची एक सोपी दृष्टी रूढ झाली आहे: यादी म्हणजे पहिला घटक आणि उरलेली यादी. आता मूळ यादीखाली तिचीच ‘उरलेली यादी’ मांडू:

७०.१०, ७०.२२, ७०.३८, ७०.३८, ७०.३१
७०.२२, ७०.३८, ७०.३८, ७०.३१

वरची व खालची संख्या एकत्र केली की लगतच्या जोड्या आपोआप तयार होतात. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या हॅस्केल भाषेत दोन याद्या अशा जोडणाऱ्या फलनाचे नाव ‘झिप’ आहे. आखूड यादी संपताच ते थांबते; म्हणून शेवटची नोंद जोडीदाराविना राहिली तरी बिघाड होत नाही. पाच नोंदींच्या चार जोड्या होतात. सामान्यतः न नोंदींच्या न-१.

प्रत्येक जोडीतील दुसऱ्या संख्येतून पहिली वजा केल्यास सेंटिमीटरमध्ये +१२, +१६, ०, -७ हे फरक मिळतात. पाणी चढले, स्थिरावले व उतरू लागले, ही सारी हकीकत त्यांत आली. त्यांची बेरीज २१ येते. शेवटच्या व पहिल्या नोंदीतील फरकही तेवढाच आहे. उत्तराचा ताळा पाहण्याचे हे उत्तम साधन होय. इशारा-पातळी केव्हा ओलांडली, हेही जोडीच सांगते: दुसऱ्या जोडीत पहिली संख्या त्या पातळीखाली व दुसरी तिच्यावर आहे.

येथे दोन सावधगिरीच्या गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. यादी रिकामी असेल तर तिला ‘उरलेली यादी’ नसते. हॅस्केलमधील ‘टेल’ हे फलन तेथे त्रुटी दाखवून थांबते. त्याऐवजी पहिला घटक वगळण्यासाठी ‘ड्रॉप’ वापरल्यास रिकाम्या यादीतून रिकामी यादीच मिळते. दुसरे असे की, मधल्या एका तासाची नोंद राहून गेली, तर जोडी दोन तासांचा फरक दाखवील. तो एका तासाचा समजल्यास पाण्याच्या वेगाविषयी गैरसमज होईल. म्हणून नोंदीबरोबर वेळही लिहावी आणि पातळीतील फरकास वेळेतील फरकाने भागावे.

स्वाध्याय: (१) एकाच नोंदीच्या यादीतून किती जोड्या निघतील? (२) लगतच्या तीन-तीन नोंदींचे गट करावयाचे असल्यास यादी किती वेळा सरकवून मांडावी लागेल, आणि पाच नोंदींतून किती गट मिळतील?