ठराव मंजूर झाला का?

तुमच्या मोहल्ल्यात एखादे वाचनालय असेल, क्रिकेटचा क्लब असेल, किंवा तुम्ही राहता त्या इमारतीची सोसायटी असेल. अशा संस्था सभासदांच्या असतात. त्यांचा कारभार कोणा एकाच्या मर्जीने चालत नाही. सभा भरते, चर्चा होते, मते घेतली जातात आणि मग निर्णय होतो. "आज मीटिंग आहे, मला यायला उशीर होईल," असे तुम्ही घरात मोठ्यांच्या तोंडून ऐकले असेल. त्या मीटिंगमध्ये काय चालते ते आज पाहू.

त्याआधी दोन शब्द समजून घ्या. उर्दूत 'ठहराव' म्हणजे थांबणे. मराठीत 'ठराव' म्हणजे सभेने ठरवलेली गोष्ट. तुम्ही जिला करारदाद म्हणता तीच ही. दुसरा शब्द 'मत'. उर्दूत 'मत जाओ' म्हणजे जाऊ नका. मराठीत मात्र मत म्हणजे आपली राय, आणि मत म्हणजे व्होटसुद्धा. 'मत द्या' असे कोणी म्हटले तर तो तुम्हाला अडवत नाही, बरे का!

आता असे समजा, एका मोहल्ल्यात एक वाचनालय आहे. त्याचे ५० सभासद आहेत. वाचनालय रात्री ८ वाजता बंद होते. दहावी-बारावीच्या मुलामुलींची घरे लहान आहेत. एका खोलीत सातआठ माणसे. अभ्यास करायचा कोठे? म्हणून काही सभासदांच्या मनात येते की परीक्षेच्या दिवसांत वाचनालय उशिरापर्यंत उघडे ठेवावे. पण विजेचे बिल कोण भरणार? रात्री दारावर कोण बसणार? असा प्रश्न दुसरे काही सभासद विचारतात. तेव्हा सभा बोलावली जाते.

सभेची सूचना सर्व सभासदांना आधी पाठवावी लागते. सभेत कोणते विषय येणार हेही तिच्यात लिहिलेले असते. त्या यादीला कार्यक्रमपत्रिका म्हणतात. सभेच्या दिवशी अध्यक्ष, म्हणजे सदर, पहिल्यांदा माणसे मोजतात. ठरावीक संख्येने सभासद हजर नसतील तर सभेचे काम सुरू होत नाही. या संख्येला गणपूर्ती म्हणतात. उर्दूत आणि बोलण्यातल्या मराठीतही आपण कोरम म्हणतो. आपल्या लोकसभेची गणपूर्ती एकूण सदस्यांच्या एक-दशांश आहे. या वाचनालयाच्या नियमावलीत ती एक-तृतीयांश आहे असे धरू. म्हणजे ५० पैकी १७ सभासद हवेत. अध्यक्ष धरून ३० जण आले आहेत. कोरम पुरा झाला.

एक सभासद उभा राहतो आणि वाचतो, "फेब्रुवारी व मार्च या दोन महिन्यांत वाचनालय रात्री ११ पर्यंत उघडे ठेवावे." हा झाला सूचक. दुसरा सभासद म्हणतो, "माझे अनुमोदन आहे." म्हणजे त्याने ताईद केली. तो झाला अनुमोदक. अनुमोदन कशासाठी? निदान दोन माणसांना तरी हा विषय चर्चेचा वाटतो, एवढेच त्यावरून कळते. अनुमोदक पुढे विरुद्ध मत देऊ शकतो. खरे तर मते घेण्यापूर्वी याला प्रस्ताव म्हणावे आणि मंजूर झाल्यावर ठराव. पण लोक बोलताना दोन्हींना ठरावच म्हणतात. आपणही तसेच म्हणू.

चर्चा सुरू होते. एक खाला उठतात आणि म्हणतात, "सदरसाहेब, ११ ला मुली घरी कशा जातील? १० वाजता बंद करा." ही उपसूचना झाली. उर्दूत हिला तरमीम म्हणतात. आता आधी मते कशावर घ्यायची? ११ च्या ठरावावर की १० च्या उपसूचनेवर? पुष्कळ सभा येथेच गोंधळतात. मते आधी उपसूचनेवर घ्यायची असतात. कारण सरळ आहे. ११ चा ठराव आधी मतास टाकला आणि तो पडला, तर १० चा विचारच होणार नाही. म्हणून ठरावाचे शब्द आधी पक्के करायचे आणि मग त्या पक्क्या शब्दांवर हो की नाही हे विचारायचे.

उपसूचना मंजूर होते. ठरावात ११ च्या जागी १० येते. एवढ्यात एक तरुण म्हणतो, "चला, ठराव झाला!" नाही, अजून झालेला नाही. फक्त शब्द बदलले आहेत. ज्याला वाचनालय ८ लाच बंद व्हायला हवे आहे, तोही ११ पेक्षा १० बरे म्हणून उपसूचनेला मत देऊ शकतो. मूळ ठरावावर मते घेणे बाकीच आहे.

अध्यक्ष ठराव पुन्हा मोठ्याने वाचतात. हात वर होतात. बाजूने १४, विरुद्ध १२. अध्यक्षांनी मत दिलेले नाही. आणखी तीन सभासद हात खाली ठेवून बसले आहेत. ते तटस्थ आहेत.

"ठराव मंजूर," अध्यक्ष म्हणतात.

तेवढ्यात मागून एक चाचा उठतात. "जनाब, हजर आहोत ३०. निम्मे झाले १५. बहुमताला १६ मते हवीत. १४ मतांवर ठराव कसा मंजूर होतो?"

चाचांचा हिशेब चुकलेला नाही. पण बहुमत कशाचे मोजायचे? एक रीत अशी की जेवढ्यांनी मते दिली तेवढीच मोजायची. मते पडली २६, निम्मी १३, आणि १४ म्हणजे बहुमत. दुसरी रीत चाचांची, म्हणजे हजर असलेल्या सर्वांची मोजणी. तिच्यात १६ लागतात. तिसऱ्या रीतीत सगळे ५० सभासद मोजायचे. मग २६ मते हवीत. गंमत पाहा, त्या दिवशी मते देणाऱ्या प्रत्येकाने हात वर केला असता तेव्हा कोठे २६ झाली असती!

नियमावलीत "मत देणाऱ्या हजर सभासदांच्या बहुमताने" असे लिहिले असेल तर अध्यक्ष बरोबर आहेत. नुसते "हजर सभासदांच्या बहुमताने" असे असेल तर चाचा बरोबर आहेत. दोन शब्दांचा फरक आहे, आणि तेवढ्यावर मुलांचे रात्रीचे दोन तास अवलंबून आहेत. आपल्या राज्यघटनेने संसदेसाठी पहिली रीत घेतली आहे.

तटस्थ राहिले म्हणजे आपण कोणाच्याच बाजूचे नाही, असे त्या तिघांना वाटले असेल. मला ते पटत नाही. पहिल्या रीतीत ते तिघे विरुद्ध गेले असते तर १४ विरुद्ध १५ होऊन ठराव पडला असता. म्हणजे त्यांच्या गप्प बसण्याने ठराव तरला. दुसऱ्या रीतीत उलटे होते. तेथे गप्प बसणे आणि नाही म्हणणे यांचा परिणाम सारखाच.

याचे एक मोठे उदाहरण आपल्या देशात घडले आहे. पूर्वीच्या राजांना व नवाबांना सरकार दरवर्षी तनखे देत असे. (तनखा हा शब्द तुमच्या तनख्वाहचाच भाऊ.) ते बंद करण्यासाठी राज्यघटना दुरुस्त करायची होती. त्याला मत देणाऱ्या हजर सदस्यांच्या दोन-तृतीयांश मते लागतात, शिवाय एकूण सदस्यांचेही बहुमत लागते. ५ सप्टेंबर १९७० रोजी राज्यसभेत मते मोजली. बाजूने १४९, विरुद्ध ७५. जवळजवळ दुप्पट! पण एकूण मते २२४, आणि त्यांचे दोन-तृतीयांश म्हणजे १४९ पूर्णांक एक-तृतीयांश. एका मताचा तिसरा हिस्सा कमी पडला आणि विधेयक पडले. आता वहीत गणित करून पाहा. विरुद्ध मत देणाऱ्यांपैकी एक जण जरी गप्प बसला असता तर मते २२३ झाली असती. तेव्हा १४९ पुरली असती का? तनखे पुढे १९७१ मध्ये घटनेच्या सव्विसाव्या दुरुस्तीने बंद झाले.

सभा चालवणे शिकावे लागते. १८६३ मध्ये अमेरिकेत न्यू बेडफर्ड गावी हेन्री रॉबर्ट नावाच्या लष्करी इंजिनिअरला एका चर्चमधल्या सभेचे अध्यक्ष केले. सभा कशी चालवावी हे त्याला ठाऊक नव्हते. सभेत गोंधळ माजला आणि त्याची फजिती झाली. त्याने मग या विषयाचा अभ्यास केला आणि १८७६ मध्ये सभेच्या नियमांचे पुस्तक छापले. अमेरिकेतल्या पुष्कळ संस्था आजही त्याच्या सुधारलेल्या आवृत्त्या वापरतात. त्यातही साधे बहुमत पडलेल्या मतांचेच मोजतात.

पण सगळीकडे नियम सारखे नसतात. बाजूने १३ आणि विरुद्ध १३ मते पडली तर काय? रॉबर्टच्या नियमाने समान मते म्हणजे बहुमत नाही, म्हणून ठराव पडला. महाराष्ट्राच्या १९६० च्या सहकारी संस्था कायद्यात मात्र अशा वेळी अध्यक्षाला निर्णायक मत दिले आहे. त्याच कायद्यात एका सभासदाला एकच मत आहे, मग त्याचे भाग कितीही असोत. वाचनालये बहुधा १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदलेली असतात. त्या कायद्यात संस्था कायमची बंद करायची असेल तर निदान तीन-पंचमांश सभासदांची संमती लागते. आपल्या वाचनालयात म्हणजे ३० जणांची. त्या दिवशी हजर असलेल्या एकूण एक माणसाने हो म्हटले तरच! रात्री दोन तास दिवा लावायला १४ पुरतात, पण दाराला कायमचे कुलूप लावायला ३० लागतात.

चाचांच्या हरकतीवर अध्यक्ष रागावले नाहीत. त्यांनी कपाटातून नियमावली काढली आणि ते कलम मोठ्याने वाचले. "मत देणाऱ्या हजर सभासदांच्या बहुमताने" असेच शब्द निघाले. चाचा म्हणाले, "ठीक है, पण माझी हरकत लिहून घ्या." सचिवांनी ती इतिवृत्तात लिहिली. ठरावाचे शब्द, सूचक, अनुमोदक, १४ आणि १२ हे आकडे, सारे लिहिले.

दुसऱ्या दिवशी त्या तिघा तटस्थांपैकी एक जण अध्यक्षांच्या घरी आला. "भाईसाहेब, रात्रभर विचार केला. माझे मत विरुद्ध लिहून घ्या," तो म्हणाला. अध्यक्ष म्हणाले, "मियाँ, निकाल जाहीर होईपर्यंत मत देता येते, बदलताही येते. त्यानंतर नाही. आता तुम्हाला पुढच्या सभेत नवा ठराव आणावा लागेल."

तो घरी जाऊन नवा ठराव लिहायला बसला. त्याच्या जागी तुम्ही असता तर कोणते शब्द लिहिले असते? एका वाक्यात लिहा. मग वर्गात दोन गट करा, एकाने सूचक व्हावे, एकाने अनुमोदक, एकाने अध्यक्ष, आणि मते घेण्यापूर्वी बहुमत कोणत्या रीतीने मोजणार ते फळ्यावर लिहून ठेवा.