ऑफिसचा सामायिक व्हॉइसमेल: "मला वाटलं, तू ऐकला असशील!"



माझ्या पहिल्या ऑफिसात आम्ही तिघं होतो. व्हॉइसमेल होता, पण फक्त माझ्या एक्स्टेंशनवर. एका लग्नासाठी मी तीन दिवस गावाला गेलो. परत येऊन बघतो तर एका जुन्या ग्राहकाचा मेसेज: "उद्या दुपारपर्यंत कोटेशन पाठवा, नाहीतर दुसरीकडे बघतो." तो 'उद्या' कधीच उलटून गेला होता. ऑर्डर गेली. दोघं सहकारी ऑफिसातच होते, पण माझा पासवर्ड त्यांच्याकडे नव्हता. चूक त्यांची नाही, माझ्या व्यवस्थेची होती.

म्हणून आज शिकूया सामायिक व्हॉइसमेल बॉक्स. म्हणजे एका माणसाचा नाही, तर 'सेल्स' किंवा 'सर्व्हिस' अशा कामाचा बॉक्स. उदाहरणासाठी फ्रीपीबीएक्स घेतलंय. हे ॲस्टेरिस्कवर चालणारं मोफत सॉफ्टवेअर आहे.

पायरी १: बॉक्स तयार करा
एक्स्टेंशन्समध्ये जाऊन 'व्हर्च्युअल एक्स्टेंशन' जोडा. याला प्रत्यक्ष फोन लागत नाही. नंबर द्या, समजा ५००. व्हॉइसमेलच्या टॅबमध्ये तो सुरू करा आणि पासवर्ड द्या. १२३४ किंवा ५०० असला सोपा पासवर्ड नको.

पायरी २: ईमेल जोडा
तिथेच ऑफिसचा सामायिक ईमेल पत्ता टाका आणि 'ईमेल अटॅचमेंट' चालू करा. मेसेजची ऑडिओ फाइल सगळ्यांना मिळेल. 'डिलीट व्हॉइसमेल' मात्र बंदच ठेवा. ते चालू असलं की मेल पाठवल्यावर मूळ मेसेज पुसला जातो. मेल पोचलाच नाही, तर ग्राहकाचा निरोपही गेला!

पायरी ३: रिंग ग्रुप
तिघांची एक्स्टेंशन्स, म्हणजे १०१, १०२, १०३, एका ग्रुपमध्ये घ्या. सगळे फोन एकदम वाजू द्या, साधारण २० सेकंद. कोणी उचलला नाही तर कॉल कुठे जायचा? तिथे ५०० चा व्हॉइसमेल निवडा. मग बाहेरून येणारा कॉल, म्हणजे इनबाउंड रूट, या ग्रुपकडे वळवा. शेवटी 'अप्लाय कॉन्फिग'चं लाल बटण दाबायला विसरू नका. ते दाबल्याशिवाय बदल लागू होत नाहीत.

पायरी ४: आवाज तुमचा
स्टार ९८ डायल करा, ५०० आणि पासवर्ड द्या. मग ० आणि नंतर १ दाबून संदेश रेकॉर्ड करा. आपल्याकडे बरेच लोक मशीनचा आवाज ऐकला की फोन ठेवतात, म्हणून मराठीत आणि थोडक्यात बोला: "नमस्कार, आत्ता आम्ही फोन घेऊ शकत नाही. आपलं नाव, नंबर आणि काम सांगा. आज संध्याकाळपर्यंत फोन करतो." वेळ तीच सांगा, जी तुम्ही पाळू शकता.

खरी गोम इथे आहे
सामायिक बॉक्समधला मेसेज एकाने ऐकला की तो 'नवीन'मधून 'जुन्या'त जातो. दुसऱ्याने बॉक्स उघडला तर त्याला नवीन काहीच दिसत नाही. पहिला म्हणतो, "तू फोन करशील असं वाटलं," दुसरा म्हणतो, "मेसेजच नव्हता!" सगळ्यांचं काम ते कुणाचंच नाही. म्हणून तीन नियम भिंतीवर लावा:

१. रोज एकच जबाबदार माणूस. तो सकाळी, दुपारी आणि बंद करण्यापूर्वी बॉक्स ऐकेल. तो सुट्टीवर असेल तर बदली आदल्या दिवशीच ठरेल.
२. ऐकल्याबरोबर वहीत नोंद: वेळ, नाव, नंबर, काम, कोण फोन करणार.
३. परत फोन झाला, नोंद पूर्ण झाली, तरच ७ दाबून मेसेज पुसायचा. काम बाकी असेल तर ९ आणि मग २ दाबून तो 'वर्क' फोल्डरमध्ये ठेवायचा.

आजचा गृहपाठ
सेटिंग झालं की मोबाइलवरून आपल्याच ऑफिसला फोन करा. कोणालाही उचलू देऊ नका, मेसेज ठेवा आणि घड्याळ लावा. तुम्हाला परत फोन यायला किती वेळ लागला? तुमचा ग्राहक तेवढीच वाट बघतो. किंवा बघत नाही.

भेटूया पुढच्या भागात!