मळणीच्या फेरीत जादा डिझेल नेताना

सोयाबीनच्या हंगामात मळणी यंत्र जोडून अनेक शेतकरी बंधू आठ-पंधरा दिवस गावोगाव फिरतात. आडवळणाच्या गावी पंप जवळ नसतो आणि टाकी रिकामी झाल्यावर नुसते डिझेल ओतून भागत नाही. नळीत हवा शिरते. मग फिल्टरवरचा स्क्रू सैल करून, फीड पंप हाताने मारून, बुडबुडे थांबेपर्यंत हवा काढत बसावे लागते. म्हणून टाकी पावभर उरताच भरावी व २० लिटरचा एक कॅन सोबत ठेवावा.

कॅन पत्र्याचा, घट्ट टोपणाचा व टोपणात रबरी वायसर असलेला घ्यावा. पाण्याच्या किंवा औषधाच्या रिकाम्या बाटल्या वापरू नयेत. तहानलेले पोर बाटली पाहून तोंडाला लावते. पेट्रोलियम कायदा, १९३४ प्रमाणे विक्रीसाठी नसलेले ३० लिटरपर्यंत पेट्रोल विनापरवाना नेता येते, मात्र पत्र्याचे भांडे २५ लिटरपेक्षा मोठे नसावे. डिझेलची मर्यादा याहून पुष्कळ जास्त आहे. खरी काळजी आगीची घ्यावयाची.

कॅन भरताना तो ट्रॉलीतून उतरवून जमिनीवर ठेवावा व पंपाची तोटी कॅनच्या तोंडाला टेकवावी, म्हणजे स्थिर विजेची ठिणगी पडत नाही. काठोकाठ भरू नये. सकाळी भरलेले २० लिटर डिझेल ३० अंशांनी तापले, तर सुमारे अर्धा लिटर फुगते. कॅन उभा, दोरीने बांधून, सावलीत व सायलेन्सरपासून दूर ठेवावा. बियाणे, पेंड यांच्याजवळ नको.

फवारणी पंपासाठी पेट्रोलही नेत असाल तर अधिक जपावे. त्याची वाफ हवेपेक्षा जड असल्याने तळाशी साठते; दूरची विडीही तिला पुरते. डिझेल सहज पेटत नाही हे खरे, पण भुसकटावर सांडले तर वातीसारखे जळते. त्यासाठी खळ्यापासून बाजूला जाऊन, इंजिन बंद करून, थोडे निवल्यावर जाळीच्या नरसाळ्याने टाकी भरावी. तळाचे दोन बोटे डिझेल कॅनमध्येच राहू द्यावे, पाणी व गाळ त्यातच असतो.

नळी तोंडाने ओढून डिझेल काढण्याची सवय मात्र सोडावी. घोटभर डिझेल फुप्फुसात गेले तर तेथे सूज येते. कोणी गिळल्यास उलटी करवू नये, कारण उलटीबरोबर तेच फुप्फुसात उतरते. माणूस बरा दिसला तरी लगेच दवाखान्यात न्यावे; धाप काही तासांनीही लागू शकते.