छाया-विणकाम : उरलेल्या लोकरीची शाल

स्वेटर पुरा झाला की घरात लोकरीचे दोन-चार लहान गुंडे उरतातच. त्यांतून रंगीत शाल विणण्याचा पाठ या हिवाळ्यात आम्ही हस्तकलेच्या तासाला घेत आहोत. छाया-विणकामाच्या या पद्धतीवर डेन्मार्कच्या विवियन हॉक्सब्रो यांचे पुस्तक २००४ साली निघाले.

या कापडावर समोरून नुसते पट्टे दिसतात, तिरके पाहिले की नक्षी उमटते. मागच्या बाजूने सुलट टाका घातला तर पुढे उंचवटा येतो, उलट घातला तर सपाट राहते. तिरक्या नजरेला उंचवट्याचा रंग दिसतो आणि सपाट रंग त्याच्याआड लपतो.

कृती : ८ नंबरच्या सुयांवर गडद रंगाचे २४ टाके घाला.

ओळ १ : गडद, सर्व सुलट.
ओळ २ : गडद, सर्व सुलट.
ओळ ३ : फिकट, सर्व सुलट.
ओळ ४ : फिकट, सर्व उलट.

या ४ ओळी ४ वेळा विणा. पुढच्या १६ ओळींत मधले ८ टाके बदला : दुसऱ्या ओळीत ते उलट आणि चौथ्या ओळीत सुलट. शेवटी पुन्हा पहिल्यासारख्या १६ ओळी विणून टाके बंद करा. गडद चौकोनात फिकट चौकोन लपलेला सापडेल.

रंग कितीही चालतील, पण गडदाच्या जागी गडद आणि फिकटाच्या जागी फिकटच हवा. जाडी सारखी असावी. शंका वाटल्यास मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढा. दोन्ही रंग सारखेच करडे दिसले तर जोडी बदला. चौकोन जोडताना सर्वांचे पट्टे एकाच दिशेला ठेवा.

हा तास गणिताला का देत नाही, असे काही पालक विचारतात. येथे एक टाका मोजायचा चुकला तरी समोरून कापड ठीक वाटते. तिरके धरले की चूक दिसते आणि मुले न सांगता ती ओळ उसवून पुन्हा मोजतात. गणितातही आम्हाला हीच सवय हवी आहे.

४८ मुलांनी एकेक चौकोन विणला की ४ रुंद व १२ लांब अशी शाल होईल. ती रात्री फाटकावर बसणाऱ्या आपल्या चौकीदारकाकांसाठी आहे. पालकांनी उरलेले गुंडे मुलांबरोबर अवश्य पाठवावेत. विणकाम येणाऱ्या आजींनी तासाला आल्यास आम्हाला आनंदच होईल.